नव्या लॅपटॉपवर पऱ्हाटी

नव्या लॅपटॉपवर सी ड्राइव्ह नव्हता, डी ड्राइव्ह नव्हता आणि स्टार्टचं बटणही नव्हतं. इतकी वर्षं ज्या खुणांवर भिस्त ठेवून मी संगणक वापरला, त्या एका दिवसात गेल्या. डाव्या कडेला चित्रांची एक उभी पट्टी, वर बारीक काळी पट्टी, तिच्या मधोमध तारीख-वेळ, आणि बाकी सगळा पडदा मोकळा. राइट क्लिक केलं तर त्या यादीत रिफ्रेशसुद्धा नाही. आमच्याकडे शाळेत, झेरॉक्सच्या दुकानात, कुठंही संगणक सुरू झाला की आधी चार-पाच वेळा रिफ्रेश मारण्याची रीत आहे. माझं बोट सवयीनं तिथंच जायचं आणि अडायचं.

जुना डेस्कटॉप विंडोज ७ वर चालत होता. मायक्रोसॉफ्टने त्या विंडोजची सुरक्षा-अद्यतनं १४ जानेवारी २०२० लाच थांबवली होती, पण माझं काम म्हणजे फक्त लिहिणं, म्हणून मी तो तसाच वापरत राहिले. मे महिन्यात आमच्या हिंगणघाटचा पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की कूलरसमोर माणसाचाच निभाव लागत नाही, तिथं यंत्राचं काय. एका उन्हाळ्यात हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. इंजिनिअरिंगला असलेली भाची म्हणाली, यावर विंडोज ११ चढणारच नाही, त्याला टीपीएम २.० नावाची चिप लागते, आणि विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपते. म्हणजे यंत्र नवंच घेणं आलं. नागपूरहून आम्ही विंडोज नसलेला लॅपटॉप आणला, कारण तो स्वस्त पडतो, आणि तिनं त्यावर विंडोजऐवजी उबुंटू टाकून दिलं.

“मावशी, तुले लिहायचंच तर आहे ना. मग घाबरतेस काहून?”

घाबरण्याचं कारण होतं. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या भागातल्या कापसाचे शब्द आणि आठवणी गोळा करते आहे. हिंगणघाट हे कापसाचं गाव. एकोणिसाव्या शतकात इथल्या भागातला चांगल्या प्रतीचा देशी कापूस व्यापारात गावाच्याच नावानं ओळखला जायचा. दिवाळीनंतर बाजार समितीत आजही कापसाच्या गाड्यांची रांग लागते. पण पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादहीचा विधी करणाऱ्या बाया आता थोड्या राहिल्या आहेत, आणि घरच्या घरी सरकी काढण्याला ओटणी म्हणतात हे माझ्या शेवटच्या वर्गातल्या एकाही मुलाला माहीत नव्हतं. पऱ्हाटी (कापसाचं झाड), फरदड, कवडी असे शब्द आणि ते सांगणाऱ्या बायकांचं बोलणं, हे सगळं जुन्या संगणकात होतं. ते या नव्या यंत्रात नीट येईल का, एवढीच मला धास्ती होती.

आधी ड्राइव्हचं कोडं सोडवावं लागलं. “सी ड्राइव्ह इथं राहतच नाही,” भाची म्हणाली, आणि मला वाटलं काहीतरी बसवायचं राहून गेलं. नंतर समजलं की ए, बी, सी ही अक्षरं डॉसच्या काळापासून चालत आली आहेत. ए आणि बी फ्लॉपीसाठी, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आलं. फ्लॉपी गेल्या तरी सी तसाच राहिला. उबुंटू ज्या लिनक्सवर उभं आहे, त्याची मांडणी युनिक्सची, आणि युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सुरू झालं. तिथं सगळ्या फाइली एकाच मुळातून फुटतात. आपल्या वाट्याला त्यातलं ‘होम’ येतं, पेन ड्राइव्ह लावला की तोही त्याच झाडाला एक फांदी म्हणून जोडला जातो. हे कळल्यावर माझं अर्धं ओझं उतरलं. ‘माझं सामान कुठं आहे’ या प्रश्नाला इथं एकच उत्तर आहे: होममध्ये.

काही सवयी मात्र मोडाव्याच लागल्या. इंग्रजी नावात पहिलं अक्षर मोठं की लहान, याला विंडोजमध्ये महत्त्व नव्हतं. इथं मोठ्या सीचं ‘कॉटन’ आणि लहान सीचं ‘कॉटन’ ही दोन वेगळी फोल्डरं होतात. मी आता फोल्डरांची नावं मराठीतच देते, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही. कुठलाही नवा प्रोग्राम बसवताना पासवर्ड विचारला जातो. सुरुवातीला यंत्र माझ्यावर संशय घेतं आहे असं वाटायचं. आता मात्र मला ते आवडतं. माझ्या परवानगीशिवाय यात काही शिरत नाही.

हे सगळं फुकट कसं, हाही प्रश्न मी भाचीला विचारला. लिनस टॉरवाल्ड्स हेलसिंकीत शिकत असताना १९९१ साली त्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगापुढं उघडा ठेवला. उबुंटू २००४ साली आलं, दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थच्या पुढाकारानं. काही वर्षं तर मागेल त्याला ते टपालानं सीडी फुकट पाठवायचे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं संगणक शिकतात ती लिनक्सवरच. हे ऐकून मी गप्प बसले. संगणकाच्या तासाला आम्ही मुलांना कुठं क्लिक करायचं ते पाठ करायला लावत होतो, आणि एक अख्खं राज्य मुलांना लिनक्सवर शिकवत होतं. शिक्षिका म्हणून ते मला अजून लागून राहिलं आहे.

खरा धक्का पुढं होता.

पेन ड्राइव्हमधून जुन्या फाइली होममध्ये आणल्या. लिब्रेऑफिस या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये पहिली उघडली. ती विल्यम लॅम्बटनवरची होती. हिंदुस्थानची मोजणी करणारा हा माणूस दक्षिणेकडून मोजत मोजत वर येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला, त्याची कबर इथंच आहे, आणि गावातल्या किती जणांना ते माहीत असेल कोण जाणे. त्यावर मी दोन पानं लिहिली होती. पडद्यावर मात्र एकही मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, टिंबं, प्रश्नचिन्हं, कंस. त्या दोन पानांत वाचता येत होता तो फक्त १८२३ हा आकडा. जिथं ‘हिंगणघाट’ असायला हवं होतं तिथं एफ, जी, ए, एक्स, टिंब, के, प्रश्नचिन्ह, पुन्हा के, पुन्हा के आणि मोठा व्ही, असं काहीतरी. दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. सगळीकडं तेच. माझ्या हातापायातलं बळ गेलं.

भाचीनं त्या दिवशी जे समजावलं, ते कुणी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या फाइली ज्यात होत्या ते कृतिदेवसारखे जुने फॉन्ट मराठी अक्षरं साठवतच नाहीत. आपण कळ दाबतो तेव्हा संगणक इंग्रजी जीच लिहून ठेवतो, फॉन्ट फक्त त्या जीच्या जागी ‘ह’चं चित्र दाखवतो. फॉन्ट काढून घ्या, चित्र जातं, जी उरतो. त्या काळी बहुतेकांकडं दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. छापखाने, वर्तमानपत्रं, कचेऱ्या, सगळे असेच लिहीत होते. युनिकोडमध्ये तसं नाही. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरीला त्यात स्वतःच्या १२८ जागा आहेत, आणि ‘ह’ तिथं ‘ह’ म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कुठलाही असो.

तोच जुना फॉन्ट उबुंटूवरही बसवता येतो. आम्ही बसवला, आणि फाइली पुन्हा मराठीत दिसायला लागल्या. मला वाटलं सुटले. मग भाचीनं तिच्या मोबाइलवर ‘कापूस’ टाइप केलं, तो शब्द माझ्याकडं पाठवला आणि फाइलमध्ये शोधायला सांगितला. ज्या फाइलमध्ये ओळीआड कापूस होता, तिथं तो सापडला नाही. डोळ्यांना मराठी दिसत होती, यंत्राच्या लेखी तिथं मराठीचा एकही शब्द नव्हता. मी ज्यांच्यासाठी हे जमवते आहे ती मुलं उद्या शोधतील ती अशीच, मोबाइलवर शब्द लिहून. त्यांना काहीच मिळणार नव्हतं. सगळं युनिकोडमध्ये आणायचं हे मी तिथंच ठरवलं.

त्यासाठी आधी बोटं बदलावी लागली. तरुणपणी मी टंकयंत्रावर मराठी तीसची परीक्षा दिली होती, आणि तो कळक्रम हातात पक्का होता. तो क्रम युनिकोडसाठीही मिळतो. पण मी इनस्क्रिप्ट निवडला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली ठरवलेला हा कळफलक प्रत्येक संगणकात आयताच असतो, बाहेरचं काही आणावं लागत नाही. सेटिंगमध्ये कीबोर्ड उघडून मराठी जोडली, आणि विंडोजचं चिन्ह असलेली कळ व स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजीतून मराठीत जाता येतं.

इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. क जिथं, त्याच कळेवर शिफ्टनं ख. ग जिथं, तिथंच घ. त जिथं, तिथंच थ. पहिलीच्या मुलांना जी वर्णमाला मी आयुष्यभर शिकवली, तीच या कळांत मांडलेली दिसल्यावर मला फार आनंद झाला. अडचण आली ती पहिल्या वेलांटीची. टंकयंत्रावर ती आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. इथं उच्चाराप्रमाणं आधी ह, मग वेलांटी, मग अनुस्वार. रफाराचंही तसंच. ‘वर्धा’ लिहिताना जुन्या पद्धतीत रफार शेवटी वर चढवायचा. इथं व, मग र, मग हलन्त, मग ध, मग काना, जसं तोंडातून निघतं तसं. बोटांना हे वळण लागेपर्यंत पावसाळा आला. रोज सकाळी स्वयंपाकाआधी मी गावांची नावं लिहायची: हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, पुलगाव, गिरड, वायगाव.

जुन्या फाइलींसाठी फॉन्ट बदलून देणारा प्रोग्राम आहे. तो एका झटक्यात पानंच्या पानं युनिकोड करतो. पण पुढं वाचावं लागतं, आणि हे मी जुन्या फाइली जपणाऱ्या प्रत्येकाला कळकळीनं सांगेन. कुठं वेलांटी अक्षराला न लागता तुटक रेषांच्या गोलावर अधांतरी राहते. कुठं रफार एक अक्षर पुढं सरकतो. आणि सगळ्यात जास्त दुखापत होते ती आपल्या ‘ऱ’ची. ‘पऱ्हाटी’तला अर्धा ऱ हा मराठीचा आहे, हिंदीला त्याची गरज पडत नाही. बदलून आलेल्या फाइलींत त्याचा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढला होता: ‘पर्हाटी’, ‘शेतकर्यांना’, ‘दुसर्या’. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसकट र दाबला की ऱ मिळतो, मग हलन्त आणि पुढचं अक्षर. लिहिताना काही अडत नाही. दुरुस्त करताना अडतं, कारण सगळीकडचा ‘र्य’ एकदम ‘ऱ्य’ करा असं यंत्राला सांगता येत नाही. तसं केलं तर सूर्य, कार्य, आचार्य यांची वाट लागते. म्हणून एकेक ठिकाण बघायचं, पुढं-मागं वाचायचं आणि हातानं बदलायचं. हे काम कंटाळवाणं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. ज्या बाईनं तो शब्द सांगितला होता, तिचं बोलणं त्या निमित्तानं पुन्हा पूर्ण वाचून होत होतं.

शब्दांची यादी पूर्ण बदलून झाली तेव्हा तक्त्यात टाकून क्रम लावायची आज्ञा दिली. जुन्या संगणकात हे कधीच जमलं नव्हतं, कारण क्रम आतल्या इंग्रजी अक्षरांप्रमाणं लागायचा आणि यादी विस्कटायची. मी ती वर्षानुवर्षं हातानं, वहीत आधी लिहून, लावत होते. या वेळी बघता बघता यादी बसली: ओटणी, कवडी, पऱ्हाटी, फरदड, बोंड, वेचणी, सरकी, सीतादही. वर्णमालेच्या क्रमानं, जिथं जो हवा तिथं तो. मग शोधाच्या चौकटीत ‘पऱ्हाटी’ लिहिलं आणि ती जिथं जिथं होती तिथं तिथं पिवळी होऊन उभी राहिली, आठवणींच्या फाइलींतसुद्धा.

पडद्यावरच्या सूचना अजून काही मराठीत, काही इंग्रजीत दिसतात. प्रिंटर जोडायला भाचीला फोन करावा लागतो. मिलमधल्या कामगारांच्या आठवणींचं फोल्डर बदलायचं बाकी आहे, आणि ते मोठं आहे. छापायचं म्हणून एका मुद्रकाकडं गेले तर त्यांचं काम अजून पेजमेकरवर चालतं, आणि त्यांना मजकूर जुन्या फॉन्टमध्येच हवा. “मॅडम, उलटं बदलून द्या ना, सोपं आहे,” ते म्हणाले. उलटं बदललं की पऱ्हाटी पुन्हा बिघडण्याची धास्ती, आणि पुन्हा सगळी पानं वाचणं आलं. मी त्यांना सांगून आले की पानं मी स्वतः लिब्रेऑफिसमध्ये लावते, पीडीएफ करून देते, तुम्ही फक्त छापा. ते तयार झाले आहेत. आता समास किती सोडायचा आणि पानांचे आकडे कुठं टाकायचे, ते शिकते आहे.