धण्यांचा वास

रमजानआधी मसाला कांडायचा म्हणून अम्मी धणे निवडायला बसली आणि भडकली. "वासच नाही! जुना माल दिला." किराणावाल्याने नव्या मालाचं पोतं उघडून दाखवलं, तरी चार लोकांत त्याला बोलली.

रशियात एमबीबीएस करणाऱ्या भाच्याने तिथले धणे आणले. दाणा बारीक, पण चोळताच खोलीभर घमघमाट.

धण्याचा हा गोडसर वास मुख्यतः लिनालूलचा. हिरव्या दाण्यात तो दबलेला असतो, कोथिंबिरीसारखा उग्र दर्पच जास्त. दाणा पिकतो तसं लिनालूल वाढतं. थंड, ओलसर उन्हाळ्यात पिकणाऱ्या बारीक जातीत सुगंधी तेल साधारण एक टक्का, आपल्या टपोऱ्या दाण्यात बहुधा अर्ध्याहूनही कमी. जात आणि हवा, दोन्हींचा खेळ.

अम्मी दुकानात गेली. "माल तुझा खोटा नव्हता," म्हणाली. आणि धणे अर्धा किलो जास्त घेतले.