वेड, वैर आणि बंदूक

कुणी गोळीबार केला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : मारणारा वेडा होता का? उत्तर ‘हो’ आले की लोक हात झटकतात, वेड्यापुढे कोण काय करणार! उत्तर ‘नाही’ आले की फाशीची मागणी करून मोकळे होतात. दोन्हीकडून एक प्रश्न तसाच राहतो. त्याच्या हातात बंदूक कुणी राहू दिली?

आम्ही कासारसाईत राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवायला पिंपरी-चिंचवडकडे जातो. गावाला धरण आहे आणि पलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती आहेत. मुळशीच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, तसा इथल्या पोरांच्या तोंडी ‘घोडा’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने आला. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ सिनेमा निघाला तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटले, आम्हांला वाटले नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी मुळशीच्याच शरद मोहोळला कोथरूडच्या सुतारदऱ्यात त्याच्याच सोबत वावरणाऱ्यांनी गोळ्या घातल्या. त्याच वर्षी जुलैत साऱ्या देशाने धडवली गावची आदल्या वर्षीची चित्रफीत पाहिली. त्यात जमिनीच्या वादात एक बाई हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांना दरडावताना दिसतात. ते पिस्तूल गावठी नव्हते, परवान्याचे होते.

परवान्याचा कायदा तसा कडक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १४ व्या कलमानुसार मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला परवाना नाकारता येतो. २०१६ च्या नियमांनी अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा डॉक्टरी दाखला मागितला. पण २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली. पाच वर्षांत माणसाच्या घरात आणि मनात काय काय होऊन जाते! शिवाय हे सारे अर्ज करणाऱ्या नागरिकासाठी. सरकारच ज्याच्या खांद्यावर रायफल देते, त्याचे काय?

३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाचा शिपाई चेतन सिंह याने आपले वरिष्ठ टिकाराम मीना यांना आणि मग वेगवेगळ्या डब्यांत तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्याचा आरोप आहे. प्रवाशांच्या मोबाईलमध्ये टिपलेले त्याचे शब्द आम्हीही ऐकले. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरी गाडीने निघालेल्या प्रत्येकाला एकच सूचना होती : टोपी पिशवीत ठेव.

त्याच्या साथीदाराने पोलिसांना दिलेला जबाब वर्तमानपत्रांत आला, तो आम्ही दोनदा वाचला. त्या जबाबाप्रमाणे चेतन सिंह ‘बरे वाटत नाही, मध्येच उतरू द्या’ म्हणत होता. थोडाच प्रवास उरला आहे, विश्रांती घे, असे त्याला सांगण्यात आले. मग त्याने त्या साथीदाराचा गळा दाबला, त्याची रायफल ओढून घेतली. ती चुकीची रायफल आहे हे ध्यानात आल्यावर अदलाबदल झाली आणि त्याची स्वतःची रायफल त्याच्याकडे परत गेली! पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

तो आजारी होता की नव्हता, हे न्यायालय ठरवील. डिसेंबर २०२३ मध्ये जामीन नाकारताना सत्र न्यायालयाने त्याच्या तोंडच्या शब्दांकडे बोट दाखवले होते. आम्हांला एवढेच कळते की आजार माणसाला नावे पाहून, दाढ्या पाहून डबे फिरायला शिकवत नाही. ते शिक्षण बाहेरून मिळते.

हे आम्ही कोरडेपणाने लिहीत नाही. आमच्या मामूंना स्किझोफ्रेनिया आहे. वीस वर्षे गोळ्या चालू आहेत, त्यांनी कधी मांजरावरही हात उगारला नाही. त्या आठवड्यात टीव्हीवर दिवसभर ‘मनोरुग्ण जवान’ चालू होते. मामूंनी अम्मीला विचारले, “आपा, मैं भी ऐसा कर दूंगा क्या?” मुसलमान म्हणून आम्ही त्या डब्यातल्या मेलेल्यांच्या बाजूचे, आणि टीव्हीच्या भाषेत मामू मारणाऱ्याच्या बाजूचे! पुण्याकडे कुणाची थट्टा करायची तर ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात. असल्या थट्टेमुळेच लोक आजार लपवतात. मग नोकरीवरचा शिपाई तरी ‘माझे डोके बिघडले आहे’ असे कशाला सांगेल?

शस्त्र म्हणजे बंदूकच असे नाही. २५ जानेवारी २०१२ रोजी एसटीचा चालक संतोष माने याने स्वारगेटहून बस पळवली आणि ९ जणांना चिरडून मारले. त्याच्या मनाच्या आजाराची चर्चा नऊ माणसे गेल्यावर, कोर्टात झाली. वेडाचा बचाव टिकला नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी जन्मठेपेवर आणली. चर्चा आधी झाली असती तर?

आमचा समाजही यात मागे नाही. कुणी रात्रभर जागू लागला, भिंतीशी बोलू लागला की आपण ‘आसेब’ म्हणतो आणि बुलढाण्याकडे सैलानी बाबांच्या दर्ग्याची वाट धरतो. श्रद्धेला आमची ना नाही. दुआ करा, पण दवाही करा. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रमात साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीने दगावले. ते आपण विसरलो तर आपल्याला इतरांकडे बोट दाखवता येणार नाही. आता १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. तो क्रमांक मशिदीच्या फलकावर लागायला काय हरकत आहे?

वर्गात एखादे मूल रागाने थरथरत असले, हातात कंपास असला, तर शिक्षक आधी कंपास काढून घेतो. मूल असे का वागले ते मग शोधतो. त्यासाठी बी.एड. लागत नाही. बंदुकीचेही तेच आहे. आजाराचे निदान डॉक्टर करतील, गुन्ह्याचा निवाडा न्यायाधीश करतील. पण समोरचा बिथरलेला दिसताच त्याच्या हातचे शस्त्र बाजूला करायला कुणाच्याही दाखल्याची वाट पाहायची नसते. ते काम शेजारी उभ्या असलेल्याचे, वरिष्ठाचे, परवाना देणाऱ्याचे आणि घरच्यांचे आहे. आणि मनातले वैर काढायचे काम? ते तर आपणां सर्वांचे, रोजचे.