रस्ता सगळ्यांचा, मग बाजूला कोणी व्हायचे?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, मी डोळ्यांच्या तपासणीला नेले होते. आईंना काचबिंदू आहे. समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. परत येताना आम्ही स्टेशनकडून बाजाररस्त्याने चालत निघालो. या रस्त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, कोणत्याही स्टेशनाबाहेर तुम्ही उतरा, असा एक रस्ता तुम्हाला भेटेलच. एका बाजूला चारचाक्या उभ्या, दुसऱ्या बाजूला भाजीच्या टोपल्या, मधल्या पट्ट्यात रिक्षा, स्कूटर, हातगाड्या आणि त्यांच्यातून वाट काढणारी आपल्यासारखी माणसे.

मागून एका मोटारीने हॉर्न दिला. मी आईंचा हात धरून त्यांना ओढले, पण गाडी डाव्या अंगाने आली आणि आईंना ती दिसलीच नाही. गाडीचा आरसा त्यांच्या कोपराला लागला आणि त्या हातावर पडल्या. मनगट मोडले. गाडीवाल्याने काच खाली केली आणि मला म्हणाला, "म्हातारीला दिसत नाही तर घरी बसवा ना. हॉर्न देतोय, बाजूला व्हायला काय झालं?"

आई चिखलात बसलेल्या. त्या स्थितीत त्यांनी विचारले, "अरे लेकरा, बाजूला होऊ, पण कुठं होऊ ते सांग."

त्याच्याकडे उत्तर नव्हते. काच वर झाली आणि गाडी निघून गेली. सहा आठवडे आईंचा हात प्लास्टरमध्ये होता. हात बरा झाला, परंतु आईंनी बाहेर जाणे सोडले. दर रविवारी विहारात वंदनेला पहिल्या ओळीत बसणारी बाई दाराशी बसून राहू लागली. हे मला मनगट मोडण्यापेक्षा मोठे वाटले.

मी एका कार्यालयात कारकून आहे. अर्ज लिहिणे, जावक क्रमांक घालणे, पोच घेणे हे माझे रोजचे काम. आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत मी विषय मांडला आणि त्याच रात्री अर्ज लिहिला. 'सदर रस्त्यावरील सर्व अडथळे दूर करून तो पादचाऱ्यांसाठी मोकळा करावा, ही विनंती.' दीडशेच्या आसपास सह्या झाल्या. शुद्धलेखन चोख होते, त्याचा मला अभिमानही वाटला.

पंधरा दिवसांत कारवाई झाली. मी ऑफिसातून येत होते तेव्हा अतिक्रमण हटवणारी गाडी उभी होती. टोपल्या, वजनकाटे, प्लास्टिकचे कागद, सगळे गाडीत भरले जात होते. समोरची चारचाक्यांची रांग मात्र जागची हलली नाही. तिला कोणी हातही लावला नाही.

उचललेल्या टोपल्यांत एक टोपली आमच्या वस्तीतल्या मावशींची होती. पहाटे कल्याणच्या मार्केट यार्डातून माल आणायचा आणि रात्री नऊपर्यंत बसायचे, असे त्यांचे वीस वर्षांचे काम. नवरा गेल्यावर त्यांनी दोन मुलींची शिक्षणे त्या टोपलीवर केली. रात्री त्या आमच्या घरी आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "ताई, तुझ्या अर्जात माझं नाव होतं का गं?"

नाव नव्हते. पण 'सर्व अडथळे' या दोन शब्दांत त्या होत्या. मी अडथळा म्हणताना डोळ्यांसमोर मोटारी ठेवल्या होत्या, वाचणाऱ्याने टोपल्या वाचल्या. दोष एकट्या वाचणाऱ्याचा म्हणता येणार नाही. ज्याला हलवणे सोपे, तोच अडथळा ठरतो, हे इतकी वर्षे सामाजिक काम करून मला ठाऊक असायला हवे होते.

पुढे झाले ते आणखी शिकवणारे होते. टोपल्या गेल्यावर महिनाभरात त्या जागी मोटारसायकली उभ्या राहिल्या, त्यांच्या पाठोपाठ चारचाक्या. चालायला जागा पूर्वीएवढीच राहिली. उलट दुपारच्या वेळी गाड्या जास्त वेगाने जाऊ लागल्या. पूर्वी टोपल्यांपुढे वाकलेली माणसे असत, म्हणून चालवणारा जपून चालवी. आता त्याला जपण्यासारखे काही दिसत नव्हते. आम्ही मावशींचे पोट मारले आणि आईंची वाटही मोकळी झाली नाही.

विहारात अभ्यासवर्गाला येणारा एक मुलगा स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो. त्याला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "काकू, परदेशात मुद्दाम असे रस्ते बांधतात, जिथे माणसे आणि गाड्या एकत्र चालतात." मला हसू आले. म्हटले, मग आपण त्यांच्या फार पुढे आहोत! पण त्याने नीट समजावले.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात १९६०च्या दशकाच्या शेवटी हा प्रकार सुरू झाला. राहत्या गल्ल्यांतून गाड्या सुसाट जात, मुलांना खेळता येत नसे. तेव्हा तिथे फूटपाथ आणि रस्ता यांतला फरकच काढला. मध्ये झाडे, बाके, वळणे आली. १९७६ साली त्या देशाने त्यासाठी नियम केले. अशा गल्लीत चालणाऱ्याला रस्त्याची पूर्ण रुंदी वापरता येते, मुले रस्त्यात खेळू शकतात आणि गाडीने माणसाच्या चालीने चालायचे. पुढे हान्स मॉन्डरमन नावाच्या तिथल्याच अभियंत्याने हा विचार वर्दळीच्या चौकांपर्यंत नेला. पाट्या आणि सिग्नल काढले, की चालवणारा पाटीकडे न बघता माणसाकडे बघतो, असे त्याचे म्हणणे होते. लंडनमध्येही एक मोठा रस्ता २०१२च्या सुमारास याच पद्धतीने तयार झाला.

परंतु तिथे एका वर्गाने जोरदार हरकत घेतली. तो वर्ग अंधांचा. हा सगळा व्यवहार नजरेला नजर देण्यावर चालतो. चालवणारा बघतो, चालणारा बघतो, मग एक थांबतो. ज्याला दिसतच नाही त्याने कोणाच्या नजरेला नजर द्यायची? काठीने चाचपायला फूटपाथची कड लागते, तीच काढून टाकली तर त्याने चालायचे कशाच्या आधाराने? शेवटी २०१८ साली ब्रिटिश सरकारने वर्दळीच्या ठिकाणी असे नवे रस्ते तूर्त थांबवा, असे नगरपालिकांना सांगितले.

हे ऐकताना मला आई दिसत होत्या. तिथल्या अंधांची हरकत आणि चिखलात बसून आईंनी विचारलेला प्रश्न एकच होता.

म्हणजे एकत्र रस्ता ही कल्पना वाईट नाही. तिला दोन अटी आहेत. पहिली, ज्याच्या हाती जास्त ताकद आहे त्याने आपला वेग कमी करायचा. वेग दुप्पट झाला की धक्क्याचा जोर चौपट होतो, हे शाळेतले गणित आहे. दुसरी, ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, पळता येत नाही, त्याच्यासाठी एक सलग सुरक्षित पट्टा राखायचा. आपल्याकडे या दोन्ही अटी नाहीत. आपला रस्ता एकत्र आहे, पण तो बळाने वाटलेला आहे. मोटार स्कूटरला दाबते, स्कूटर चालणाऱ्याला दाबते, चालणारा टोपलीवाल्या बाईवर चिडतो. आपल्या वरचा आपल्याला दाबतो म्हणून आपण खालच्याला दाबायचे, ही उतरंड आपल्या वाचकांना नवीन नाही.

रस्त्यावरून चालण्याचा हक्क आपल्या लोकांना कसा मिळाला, हे नव्या पिढीने विसरू नये. पेशवाईत समोरून सवर्ण येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरण्याची मुभा नव्हती, हे बाबासाहेबांनी १९३६च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात लिहून ठेवले आहे. १९२४ साली त्रावणकोरमध्ये वैकोमचा सत्याग्रह झाला, तो देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालू द्यावे एवढ्यासाठी होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपले लोक चवदार तळ्यावर गेले ते गावच्या रस्त्याने, मिरवणुकीने गेले. आणि संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे.

मोटारवाला आज कोणाची जात विचारत नाही. जातीचा जुलूम आणि हॉर्नचा त्रास एका तराजूत मी घालणार नाही. पण 'मी येतो आहे, तू बाजूला हो' हा आवाज ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ऐकला, त्यांनी तो दुसऱ्या कोणाला ऐकवू नये आणि स्वतःही मुकाट्याने ऐकू नये, एवढे तर खरे ना?

स्टेशनांबाहेरच्या गर्दीवर आजवर काय उपाय झाले ते पाहा. ठाण्याला पश्चिमेस 'सॅटिस'चा पूल झाला, बस वर गेल्या. कल्याण-डोंबिवलीत स्कायवॉक झाले, तिथे चालणारी माणसे वर गेली. ज्याचे गुडघे धड आहेत त्याची सोय झाली. पण जमीन गाड्यांना आणि जिना म्हाताऱ्यांना, हा न्याय उलटा आहे. तोच रस्ता दुसऱ्या तऱ्हेने वापरता येतो, हेही आपण डोळ्यांनी पाहतो. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड तरुण मुलामुलींनी भरून जातो आणि तिथे गाड्यांचे काही चालत नाही. १४ एप्रिलच्या संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया पांढरी लुगडी नेसून रस्त्याच्या मधोमध चालतात आणि गाड्या थांबतात. वर्षातला एक दिवस जे जमते ते रोज संध्याकाळी दोन-तीन तास का जमू नये?

माझा भाऊ रिक्षा चालवतो. त्याला हे सांगितले तर तो भडकला. "ताई, रिक्षा बंद केलीस तर तुझी सासू दवाखान्यात कशी जाणार? आणि मी खायचं काय?" त्याचेही खरे होते. पण बोलता बोलता त्यानेच सांगितले, की त्याची रिक्षा अडते ती चालणाऱ्यांमुळे नाही, तासन् तास उभ्या असलेल्या रिकाम्या गाड्यांमुळे. चालती रिक्षा दिवसभरात कितीतरी माणसांना जागा देते. उभी मोटार एका माणसासाठी दिवसभर जागा अडवते आणि तो माणूसही तिच्यात नसतो.

यातून दुसरा अर्ज तयार झाला. या वेळी तो मी एकटीने लिहिला नाही. मावशी, भाऊ, तो अभियांत्रिकीचा मुलगा आणि आई, सगळे आमच्या घरी बसले. 'अडथळे' हा शब्द काढला. प्रत्येक गोष्ट नावाने लिहिली. एका बाजूचे पार्किंग पूर्ण बंद करावे. त्या बाजूला सलग, न तुटणारा, कड असलेला चालण्याचा पट्टा द्यावा. संध्याकाळी गर्दीच्या वेळी खासगी चारचाक्या बंद ठेवाव्यात. रिक्षा चालू राहाव्यात, पण माणसाच्या चालीने. टोपलीवाल्यांना आखून जागा द्यावी.

कायद्याचा आधारही जोडला. फेरीवाल्यांसाठी २०१४चा केंद्राचा कायदा आहे. त्याप्रमाणे ३० दिवसांची नोटीस दिल्याशिवाय फेरीवाल्याला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. स्टेशनपासून १५० मीटरच्या आत विक्रीला मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली मनाई केली आहे, ती आम्ही मान्य केली. मावशींची जागा त्या हद्दीच्या बरीच बाहेर होती. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मोकळ्या आणि वापरण्याजोग्या फूटपाथचा हक्क हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ते वाक्य मी अर्जात अधोरेखित केले.

सही करताना आईंनी विचारले, "यात मावशीचं नाव आहे ना?" होते. मावशींची सही पहिली होती.

सगळे मिळाले असे नाही. संध्याकाळच्या बंदीचा मुद्दा अजून विचाराधीन आहे. पण एका बाजूला पार्किंग बंदीची पाटी लागली आहे. मावशी पुन्हा बसतात, आखलेल्या रेषेच्या आत. रेषेबाहेर टोपली सरकली तर शेजारचीच बाई त्यांना हटकते.

बंधू-भगिनींनो, शेवटी एक गोष्ट आपल्या घरातली. अर्ज देऊन आल्यावर रविवारी विहारात गेले, तर दारासमोर आपल्याच मुलांच्या मोटारसायकली एकीला एक लावून उभ्या. पायरीपर्यंत जायला वाट नव्हती. दुसऱ्यांना शिकवणारे आम्ही, आमच्याच दारात म्हाताऱ्यांना बाजूला करत होतो. त्या दिवशी मुलांना बोलावून गाड्या हलवल्या. आता दारापासून कोपऱ्यापर्यंतचा पट्टा मोकळा असतो. मुलांनीच तिथे चुन्याची रेघ मारली आहे.

आई पुन्हा विहारात येऊ लागल्या आहेत. एका हाताने माझा हात धरतात, दुसऱ्या हातातल्या काठीने ती रेघ चाचपत चालतात. परवा मागून हॉर्न वाजला. मी सवयीने त्यांना ओढू लागले, तर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "थांब गं. मी माझ्या जागेत आहे. त्याला थांबू दे."

तो थांबला.