न आवडलेला चेहरा

बंगळूरच्या महादेवपुरा भागात आज संगणक कंपन्यांचे मनोरे उभे आहेत, पण याच भागातल्या व्हाइटफिल्डमध्ये विन्स्टन चर्चिल यांची एक दंतकथा अजून सांगितली जाते. 1896 मध्ये बंगळूरच्या छावणीत आलेला हा तरुण घोडदळ अधिकारी इथल्या वेव्हर्ली इनच्या मालकाच्या मुलीसाठी फेऱ्या मारायचा, अशी ती कथा. तिला भक्कम पुरावा नाही. पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीला. बंगलोर क्लबच्या 1899 सालच्या वहीत थकबाकीदारांमध्ये चर्चिल यांच्या नावावर 13 रुपये मांडलेले आहेत आणि क्लबने ती वही जपली आहे. मोठ्या माणसाची गोड कथा लोकांच्या तोंडी आपोआप टिकते. अडचणीची नोंद मात्र कोणीतरी मुद्दाम सांभाळावी लागते. ग्रॅहम सदरलँड यांनी 1954 मध्ये रंगवलेले चर्चिल यांचे तैलचित्र ही अशीच एक नोंद होती. ती सांभाळली गेली नाही, आणि हे नुकसान फक्त चित्रकलेचे नाही, असे मला वाटते.

चर्चिल यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांनी 1,000 गिनींना हे चित्र करून घेतले. सदरलँड गुळगुळीत चेहरे रंगवणारे चित्रकार नाहीत, हे त्यांच्या 1949 मधल्या लेखक सॉमरसेट मॉम यांच्या व्यक्तिचित्राने दाखवून दिले होते. चर्चिलना गार्टर या सन्मानाच्या झग्यात दिसायचे होते. चित्रात ते आले संसदेतल्या नेहमीच्या पोशाखात. चर्चिल यांच्या चार्टवेलच्या घरी झालेल्या बैठकांतून सदरलँडना दिसला तो खुर्चीच्या हातांवर पंजे रोवून बसलेला, थकलेला, तरीही जागचा न हलणारा म्हातारा. 30 नोव्हेंबर 1954 रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये अनावरण झाले. चर्चिल यांनी भाषणात चित्राचा आधुनिक कलेचा नमुना म्हणून उल्लेख केला आणि सभागृहात हशा पिकला. पुढे त्यांच्या पत्नी क्लेमेंटाइन चर्चिल यांच्या इच्छेने चित्र गुपचूप जाळण्यात आले. ही गोष्ट जगाला कळली 1978 मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

भेट मिळालेली वस्तू ज्याची त्याची, तिचे काय करायचे ते त्याने ठरवावे, हा पहिला आक्षेप. पण ही भेट लोकप्रतिनिधींनी दिली होती, आणि चर्चिल यांच्या पश्चात ती संसदेत लागावी अशी अपेक्षा होती. घर हा तिचा मधला मुक्काम होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आजारी वृद्धाला त्याची दुर्बलता चव्हाट्यावर मांडलेली पाहायला लावणे क्रूरपणाचे नाही का? पत्नीची ती वेदना मी खोटी मानत नाही. मात्र जून 1953 मध्ये चर्चिलना पक्षाघाताचा झटका आला होता, तो जनतेपासून लपवला गेला होता, आणि एप्रिल 1955 पर्यंत ते पंतप्रधानपदावर होते. जे वृत्तपत्रांनी सांगितले नाही, ते कुंचल्याने पाहिले. राज्य करणाऱ्याचा थकवा हा राज्याचाही विषय असतो. शिवाय म्हातारपण दाखवणे म्हणजे अपमान, हे गृहीतच चुकीचे आहे. रेम्ब्रांटने स्वतःच्या उतारवयाचे चेहरे रंगवले, त्यांत सुरकुत्या आहेत आणि प्रतिष्ठाही. पूर्वतयारीची रेखाटने आणि छायाचित्रे उरली आहेत, मग हळहळ कशाला, असेही कोणी म्हणेल. रेखाटनांतून चित्रकाराचा शोध कळतो. त्याचा निकाल पूर्ण चित्रात असतो, आणि तोच जळाला.

चर्चिल पंतप्रधान असताना पडलेल्या 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण असलेल्या आपल्या देशाने चर्चिल यांच्या चित्रासाठी का झुरावे, हा प्रश्नही रास्त आहे. माझे उत्तर असे, की ज्यांचा हिशेब मागायचा आहे त्यांचा खरा चेहरा तर आपल्याला अधिकच हवा. आणि हा प्रश्न आपल्या भिंतींवरच्या तसबिरींनाही लागू आहे. दिल्लीच्या जुन्या संसद भवनातील सेंट्रल हॉलमध्ये गांधीजींचे चित्र आहे ते सर ऑस्वाल्ड बर्ली या ब्रिटिश चित्रकाराचे, आणि लोकमान्य टिळकांचे आहे ते गोपाळ देऊसकरांचे. टिळक 1920 मध्ये गेले. 1911 मध्ये जन्मलेल्या देऊसकरांना त्यांच्या बैठका मिळणे शक्यच नव्हते. मराठी व्यक्तिचित्रणातला एवढा समर्थ हात, पण त्यालाही मागे उरलेल्या प्रतिमांवरच विसंबावे लागले. सदरलँडना जिवंत माणूस समोर मिळाला होता. अशी बैठक एकदाच घडते, म्हणून तिचे फलित नष्ट झाले की भरून निघत नाही.

नेत्याची तसबीर लावताना आपण बहुधा हार कसा शोभेल तेच पाहतो. आदर असावा, पण आपल्या समित्यांनी चित्रकाराला पाहण्याची मोकळीक द्यावी आणि आलेले चित्र आवडले नाही तरी ते जपावे. नापसंती बोलून दाखवता येते, चित्र आतल्या दालनात हलवता येते, दुसरे करून घेता येते. नष्ट मात्र करू नये. आज डोळ्यांना खुपणाऱ्या चित्रात पुढच्या पिढीला कदाचित मोठेपणाच दिसेल; तो शोधण्याचा तिचा हक्क हिरावून घेण्याचा अधिकार कुटुंबाला नाही, अनुयायांना नाही आणि खुद्द त्या मोठ्या माणसालाही नाही.