उकिरड्याची वाटणी

थोरल्या आज्याची आणि धाकट्या आज्याची चूल वेगळी झाली तेव्हा भांडी वाटली, म्हशी वाटल्या, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. वाटणी अडली ती उकिरड्यावर. पंच काठी खुपसून बघत होते, किती गाड्या खत निघेल. हातकणंगल्याच्या आसपास ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. उकिरडा म्हणजे इस्टेट होती.

आमच्या घरात टाकून द्यायचं असं काही नव्हतंच. चुलीतली राख भांड्यांना, उरली तर उकिरड्यात. गोठ्यातलं गाळलेलं चगाळ उकिरड्यात. शेणाच्या शेणी, शेणींचा हुडवा, आणि हुडव्यावर पावसाळ्यापूर्वी उसाचा पाला. होय, पालाच. आज जो पेटवतात तो. तेव्हा त्याला मान होता. गोठा शाकारायला पाला, गुऱ्हाळघरावर पाला, चुलवाण पेटवायला पाला. वाडं म्हशीला, चिपाड चुलवाणाला, काकवी पोरांना. जळव्यानं चिपाडाची काटकसर केली नाही तर गुळव्या त्याला शिव्या घालायचा.

मग रत्नाप्पाण्णा कुंभारांनी गंगानगरला पंचगंगा कारखाना उभा केला, पुढं हुपरीला जवाहर आला, आणि ऊस गुऱ्हाळाऐवजी काट्यावर जाऊ लागला. त्याचं वाईट वाटण्यासारखं काही नाही. त्या बिलांवरच आमच्या आत्यांची लग्नं झाली, पोरं शिकली. नदीचं पाणी पाइपातून माळावर चढलं. जिथं मेंढरं चरायची, शाळू व्हायचा, तिथं ऊस डोलू लागला. गोठ्यावर पत्रा आला, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, आणि पाल्याची एकेक नोकरी सुटत गेली. एकरी तीन-चार टन पाला, आणि करायचं काय? खोडव्याला पाणी लवकर द्यायचं, गडी मिळत नाही. काडी ओढली की अर्ध्या तासात रान मोकळं. आम्हा पोरांना तर ती दिवाळीच वाटायची. आज्जी तेवढी बडबडायची, कारण वाळत घातलेल्या सांडग्यांवर काळी फुलं येऊन पडायची.

त्या काळ्या फुलांबरोबर काय काय गेलं, हे फार उशिरा कळलं. पाल्यातला नत्र जवळजवळ सगळा धुरात जातो. तो भरून काढायला युरियाची पोती. पिकानं न उचललेल्या युरियातला काही भाग ओल्या रानातले जिवाणू नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट ऊब धरतो. म्हणजे फुकटचं खत जाळायचं, विकतचं आणायचं आणि त्यातलंही थोडं उडवायचं. उकिरड्यावरून पंच बसवणाऱ्या आज्यानं हे ऐकलं असतं तर काय म्हणाला असता, ते छापता येणार नाही.

पण आम्ही जुनी माणसं फार पुण्यवान होतो, असंही कुणी समजू नये. शेत ज्याची वाट बघायचं ते शेण आम्ही चुलीत घातलं, आणि आज्जीचे डोळे त्या धुरानं गेले. उकिरड्याच्या पोटातही मिथेन धरायचाच. गोबरगॅस आल्यावर तोच वायू शेगडीत निळा जळू लागला, आणि वर मळीही शेताला मिळू लागली. आणि म्हैस! तिनं निवांत रवंथ केलं की आज्जीचा जीव थंड व्हायचा. पण तिच्या ढेकरेतूनही मिथेनच जातो. देशाच्या 2016 च्या हिशेबात शेतीचा वाटा 14 टक्के आणि त्यातला निम्म्याहून जास्त या रवंथाचा. दूध डेअरीला घालून ज्यांच्या घरात दहा दिवसांनी रोख पैसा येतो, त्यांना हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी अजून सांगितलेलं नाही.

पाल्याचं मात्र सांगितलं. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर किती वर्षं सांगत आलेत, नांगरू नका, जाळू नका, जागच्या जागी कुजू द्या. आमच्या चुलतभावानं दोन वर्षांमागं खोडव्यात पाला सरीआड सरी दाबला. पहिल्या महिन्यात शेजाऱ्यांनी चेष्टा केली, उंदीर होतील म्हणाले. झालेही थोडे. पण उन्हाळ्यात त्याची पाण्याची एक पाळी वाचली, आणि चेष्टा करणारा एकजण संध्याकाळी बांधावर बसून पाला उलथून खालची ओल बघून गेला. काही बोलला नाही.

परवा माडीवर काकू सांडगे घालत होती. एक काळं फूल तरंगत आलं आणि परातीच्या काठावर बसलं. तिनं ते चिमटीत धरलं, चुरगाळलं, बोटं पदराला पुसली आणि वाऱ्याची दिशा बघितली.

"ह्ये आपल्या फडातलं न्हवं," म्हणाली, आणि परात सरकवून आत घेतली.