दक्षिणेकडे वात

वर्षभर घरातला दिवा दक्षिणेकडे तोंड करून लावायचा नाही, असा आपल्याकडे रिवाज. फक्त धनत्रयोदशीच्या सांजेला कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे करतात. ती दिशा यमाची. मागणे एवढेच, की घरात अपमृत्यू होऊ नये. मरणच नको, असे कुणी मागत नाही. अवेळी नको, इतकेच.

शेतीखात्याच्या नोकरीत सातारा-सांगलीकडची पुष्कळ गावे पायाखाली घातली. गावाच्या शिवेजवळ मरीआईचे ठाणे असायचेच. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायची चाल होती. पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. पण गाडा गेला तरी पाणी तेच राही. पटकीचा जंतू पाण्यातून पसरतो. विहिरीत टीसीएल पावडर पडू लागली तशी साथ ओसरली. जुन्या बायका म्हणतात, आई शांत झाली. मी वाद घालीत नाही; पावडर तेवढी वेळेवर टाका म्हणतो.

मरणाचे देव जगभर आहेत आणि गंमत अशी, की त्यांतल्या कित्येकांचे नाते शेताशी आहे. इजिप्तचा ओसायरिस मेलेल्यांचा राजा, आणि धान्याचाही देव. त्याच्या आकाराच्या चौकटीत माती भरून धान्य पेरीत आणि ती थडग्यात ठेवीत. आपल्या नवरात्रातल्या घटाचीच आठवण होते. ग्रीकांच्या धान्यदेवीची लेक पाताळाच्या राजाने पळवली. ती खाली असते तोवर रान उजाड, वर आली की हिरवे. आपला यम तर बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात पोचला. तिथे त्याला एम्मा म्हणतात. बी मातीत गाडावे तेव्हा उगवते, हे रोज पाहणाऱ्यालाच असे देव सुचणार.

पण अपमृत्यूचे काय? एका गावी जुनी विहीर उपसायला थोरला भाऊ उतरला आणि आतल्या वायूने बेशुद्ध पडला. त्याला काढायला धाकटा उतरला. दोघेही गेले. त्यांची आई मला म्हणाली, "सायेब, दिवा तर दरसाल लावत हुते." त्या बाईला मी काय सांगणार?

तुम्हांला मात्र सांगतो. बंद पडलेल्या विहिरीत आधी पेटता कंदील सोडावा. विझला तर उतरू नये. तेवत राहिला तरी कमरेला दोर आणि काठावर दोन माणसे हवीतच. खालचा पडला तर त्याच्यामागे उडी घालू नये, दोराने ओढावे. गोबरगॅसच्या खड्ड्याजवळ मात्र ज्योत नेऊ नये, भडका उडतो. ओल्या हाताने मोटरीच्या स्टार्टरला शिवू नये. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी दवाखाना गाठावा. लस तिथे मिळते.

दक्षिणेकडे वात करताना घरातल्या पोरांना जवळ बसवून एवढे सांगा. यम ऐको न ऐको, पोरे ऐकतील.