कार्बनची प्रत

वार्षिकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली आणि आमच्या वर्गातल्या मंडळींनी पाऊस, आई, पहिले प्रेम आणि एस.टी.चा प्रवास हे सारे विषय दोन दिवसांत वाटून घेतले. माझ्या वाट्याला काहीच उरले नाही. सरांनी विचारले, "तू संध्याकाळी काय करतोस?" म्हटले, "सर, एका ऑफिसात जातो. तिथल्या कॉम्प्युटरच्या दोन डिस्का सांभाळतो." "मग त्यावरच लिही," सर म्हणाले. कला शाखेच्या वार्षिकात डिस्का! पण सरांचा शब्द मोडवत नाही. तेव्हा वाचकहो, थोडे सांभाळून घ्या.

आम्ही कांदिवली पूर्वेला पोयसरला राहतो. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बाबा पश्चिमेला चारकोपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमन आहेत. त्याच इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर एका चार्टर्ड अकाउंटंट साहेबांचे ऑफिस आहे. एफ.वाय.ची परीक्षा संपली तशी बाबांनी साहेबांच्या कानावर घालून मला तिथे चिकटवले. काम काय, तर लोकांचे कागद स्कॅन करणे, ते ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये ठेवणे आणि सहा वाजता चहा सांगणे. त्यात टेबलाखालचा काळा डबा केव्हा माझ्या गळ्यात पडला हे मलाही नीटसे आठवत नाही.

हा डबा म्हणजे ऑफिसचा सर्व्हर. त्यावर फ्रीबीएसडी नावाची प्रणाली चालते. ती युनिक्सच्या घराण्यातली. युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी सुरू केले. त्याची एक पाती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे वाढली आणि १९९३ साली तिच्यातून फ्रीबीएसडी निघाली. त्याच बर्कलीत १९८८ साली पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ ह्या तिघांनी एक निबंध लिहिला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्का एकत्र जुंपाव्यात, एखादी मेली तरी उरलेल्यांनी गाडा ओढावा, असा त्याचा आशय. त्यातला सर्वांत साधा प्रकार म्हणजे 'मिरर', आरसा. दोन सारख्या डिस्का घ्यायच्या. जे पहिलीवर लिहायचे तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहायचे. आमच्या डब्यात ह्यासाठी वेगळे यंत्र नाही, प्रणालीच स्वतः दोनदा लिहिते. वाचताना मात्र दोघी काम वाटून घेतात, म्हणून वाचणे जलद होते. ऑफिसातल्या कोणाला तिथे दोन डिस्का आहेत हे जाणवतही नाही. सगळ्यांना एकच दिसते.

ही मांडणी ज्यांनी केली ते काका डोंबिवलीचे. साठी उलटलेले, बोलणे थोडे. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच आज्ञा शिकवली, 'जीमिरर स्टेटस'. ती दिली की पडद्यावर 'कम्प्लीट' आले पाहिजे. 'डिग्रेडेड' आले तर फोन कर, म्हणाले. मी आठवडाभर रोज पाहिले, रोज 'कम्प्लीट'. मग परीक्षेच्या निकालाची गडबड, मग कॉलेज सुरू झाले... पाहणे राहून गेले.

इथेच ह्या आरशाची खोड आहे. एक डिस्क मेली तरी काम अजिबात अडत नाही. दिवा विझत नाही, भोंगा वाजत नाही, चहा वेळेवर येतो. प्रणाली बिचारी रोज पहाटे तीनच्या सुमारास आपल्या प्रकृतीचे एक पत्र लिहिते. पण ते पाठवते 'रूट'ला, म्हणजे त्या डब्याच्या कर्त्या पुरुषाला. आमच्याकडे रूट कोण? काका डोंबिवलीत, साहेब कोर्टकचेऱ्यांत आणि मी चहा सांगण्यात. जुलैतल्या एका पावसाळी संध्याकाळी वीज जाऊन आली, डबा सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, म्हणून सहज आज्ञा दिली, तर 'डिग्रेडेड'! मग रूटची न उघडलेली पत्रे उघडली. सोळा जूनपासून रोज तोच शब्द लिहिलेला होता. महिनाभर सगळे ऑफिस एका डिस्कवर उभे होते, आणि तेही विवरणपत्रांच्या हंगामात.

काकांना फोन केला. रुळांवर पाणी, गाड्या बंद. "कपाटात तिसरी डिस्क आहे," काका म्हणाले, "तूच बदल." मी म्हटले, "काका, मी बी.ए.ला आहे." तर म्हणाले, "स्क्रू फिरवायला बी.ए. चालतं."

डबा बंद करून उघडला. आत दोन डिस्का, एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, जुळ्या बहिणीच जणू. मेलेली कोणती? मी खालची ओढणारच होतो. माझा हिशेब असा की, पहिली वर असणार आणि दुसरी खाली. काकांनी फोनवरूनच ओरडून थांबवले. डबा पुन्हा सुरू कर, जी डिस्क जिवंत आहे तिचा क्रमांक पडद्यावर वाच, कागदावर लिही, मग तो क्रमांक जिच्या अंगावर नाही ती काढ. केले. जिवंत डिस्क खालचीच निघाली! ती काढली असती आणि वरची अर्धमेली डिस्क चुकून जागी झाली असती, तर डबा जूनमधल्या मजकुरावर सुरू झाला असता, आणि नव्या डिस्कवर तोच शिळा मजकूर उतरला असता. माझ्या हाताला तेव्हा जो घाम सुटला तो वायव्हालाही कधी सुटलेला नाही.

नवी डिस्क बसवल्यावर दोन आज्ञा द्यायच्या होत्या. पहिली 'फर्गेट'. जी आता येणार नाही तिला विसर, असे आरशाला सांगायचे. तोवर तो बिचारा तिची वाटच पाहत असतो. दुसरी 'इन्सर्ट', म्हणजे ह्या नवीला आपल्यात घे. यंत्राच्या भाषेत असे शब्द असतील असे मला वाटले नव्हते. मग नक्कल सुरू झाली. डिस्क एक टेराबाइटची, सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास वेग. म्हणजे पावणेतीन तास तरी धरायचे. तेवढ्या वेळात जुनी डिस्क दगावली तर सगळे संपले. म्हणून मी तिथेच बसून राहिलो. एक टक्का, दोन टक्के...

दहाच्या सुमारास बाबा फेरीवर आले. हातात थर्मास. "झोपला नाहीस?" मग मी त्यांना सगळे समजावून सांगितले. खरे सांगायचे तर जरा शिकलेल्या पोराच्या तोऱ्यातच सांगितले. बाबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे कार्बनच ना रे."

बाबा फाटकावर गेटपास लिहितात. माल बाहेर चालला की वर एक पान, मध्ये कार्बन, खाली दुसरे पान. वरचे ड्रायव्हरला, खालचे बुकात. एकदा त्यांच्या हातून टेम्पोच्या नंबरात ३ चा ८ झाला. वाद झाला तेव्हा बुक काढले, तर खालीही ८ च. त्यांच्या पगारातून पैसे कापले गेले. "वर चुकलं की खाली पण चुकतं," बाबा म्हणाले. मी म्हटले, "बाबा, हे वेगळं आहे." त्यांनी वाद घातला नाही, थर्मास ठेवून गेले. रात्री एकच्या पुढे 'कम्प्लीट' आले.

दुसऱ्या दिवशी काकांनी फोनवर आणखी एक काम लावले. सगळ्या मजकुराची एक प्रत वेगळ्या लहान डिस्कवर उतरवून साहेबांच्या घरी बोरिवलीला ठेवायची. मला ते निव्वळ म्हातारपणाचे वाटले. दोन आहेत की! पण उतरवून दिली. आमच्या अभ्यासक्रमात तुकोबा आहेत. इंद्रायणीची कथा सर्वांना ठाऊक असते. पण चाकणचे संताजी जगनाडे ह्यांनी अभंग आपल्या वह्यांत लिहून ठेवले, ही परंपरा मी टिपणांत लिहूनही कधी विचारात घेतली नव्हती. त्या वह्या देहूत, तुकोबांच्याच घरात, त्यांच्याच फडताळात असत्या तर? आणि नाथांचेही तसेच. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते, ते निवडून त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. आमच्या आरशाला एवढेही जमत नाही. दोन डिस्कांवर एकाच जागी वेगळे अक्षर निघाले तर खरे कोणते हे तो ठरवू शकत नाही. असो, परीक्षेला हे विचारणार नाहीत.

आता जे लिहायचे आहे ते लिहायला मन घेत नाही.

आजोबा परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्यात तेही होते. पुन्हा ते गिरणीत गेले नाहीत. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेल्या गिरणी कामगारांसाठी, आणि ते हयात नसतील तर त्यांच्या वारसांसाठी, म्हाडाची घरांची योजना आली. पण त्याला पुरावा लागतो. आमच्याकडचे पगाराचे कागद २६ जुलै २००५ ला गेले. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पोयसर नदी आमच्या खोलीत कमरेएवढी आली. माझा जन्म त्यानंतरचा. पण ही कमरेची खूण आई अजून भिंतीवर हाताने दाखवते. पत्र्याच्या डब्यात राहिला तो फक्त गिरणीचा पास. पुढे आजोबांचा फोटो आणि तिकीट नंबर, मागे खाते आणि सालवार शिक्के. शेवटचा शिक्का जानेवारी १९८२ चा.

पुढची बाजू मी मे महिन्यात ऑफिसात स्कॅन केली होती. जुलैच्या शेवटी एक गृहस्थ भेटले. अर्जाचे सगळे करून देतो म्हणाले, पण पास मूळच हवा. बाबा कचरत होते. मी मागची बाजूही स्कॅन केली आणि म्हणालो, "द्या बिनधास्त. दोन-दोन डिस्कांवर आहे." बाबांनी दिला. पुढे त्या गृहस्थांचा फोन लागेनासा झाला.

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, स्कॅनरचे तात्पुरते फोल्डर साफ करायला बसलो. एक पायरी वर उभा आहे हे न पाहता पुसण्याची आज्ञा दिली. युनिक्स हा अबोल गडी, 'नक्की का?' म्हणून विचारत नाही, आणि त्याच्याकडे कचऱ्याची टोपलीही नसते. पाच-सहा सेकंदांनी लक्षात आले तेव्हा त्या वर्षाचे सगळे स्कॅन गेले होते. पहिलीवरून गेले आणि त्याच क्षणी दुसरीवरूनही. वेड्यासारखा मी 'जीमिरर स्टेटस' दिला. 'कम्प्लीट'! दोन्ही डिस्का ठणठणीत, दोन्ही सारख्याच रिकाम्या.

साहेब आतल्या खोलीत होते. मी तासभर त्यांना सांगितले नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण डिस्क खराब झाली म्हणून सांगावे असेही मनात येऊन गेले. कोणाला कळणार होते? खिडकीतून खाली फाटक दिसत होते. बाबा पान उलटून कार्बन सरळ करत होते.

मग आत जाऊन सांगितले. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी एवढेच विचारले, "माझ्या घरी आहे ती प्रत कधीची?" म्हटले, "दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशीची." म्हणजे तीन आठवडे गेले. लोकांचे कागद पुन्हा मागवून चार रविवार मी ते स्कॅन केले, बिनपगारी. कोणी मला तसे सांगितले नव्हते. साहेबांनी नको म्हटलेही नाही. आता रूटचे पत्र मी रोज वाचतो आणि दर शनिवारी ती लहान डिस्क घेऊन बोरिवलीला जातो.

बोरिवलीच्या त्या प्रतीत आजोबांच्या पासची पुढची बाजू निघाली. मे महिन्यातली होती, म्हणून वाचली. फोटोत आजोबा माझ्यापेक्षा फार मोठे दिसत नाहीत. मागची बाजू, शिक्क्यांची, त्या तीन आठवड्यांतली होती.

बाबांना हे त्याच रात्री सांगितले. ते रागावले नाहीत. कार्बनचेही नाव त्यांनी काढले नाही. काढले असते तर बरे वाटले असते. त्यांनी गेटपासच्या एका कोऱ्या पानावर त्या गृहस्थांचा पत्ता आठवून आठवून लिहिला. नालासोपारा पूर्व, चाळीचे नाव, खोली नंबर बहुधा अकरा. एकदा जाऊन आलो तर कुलूप होते. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. बाबांनी रात्रपाळी बदलून घेतली आहे.